रक्त देऊ की उत्तरं?

दार-ए-सलाममध्ये वाढलेल्या मुलाला आफ्रिकेचं जंगल जेवढं माहीत असतं, तेवढंच ते डोंबिवलीत वाढलेल्या मुलालाही माहीत असतं. दोघांचा गुरू एकच, टीव्ही. फरक एवढाच की आपल्याला जंगलातलं काही कळत नाही, हे डोंबिवलीच्या मुलाला ठाऊक असतं. दारच्या मुलाची समजूत अशी की आफ्रिका घरचीच, तेव्हा जंगल आपल्याला जन्मतःच येत असणार.

ही समजूत एकदा तपासावी म्हणून आमच्या शाळेने नववीचा वर्ग अमानीला कॅम्पसाठी न्यायचं ठरवलं. मी जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे ठरवायचं शाळेने आणि निस्तरायचं मी, हे ओघानेच आलं. अमानी टांझानियाच्या ईशान्येला, पूर्व उसांबारा डोंगरात, टांगा बंदराच्या पाठीमागे आहे. तिथलं 8,380 हेक्टर जंगल 1997 साली राखीव झालं. समुद्रावरून आलेले ढग या डोंगरावर अडतात, वर्षाकाठी दोन मीटरच्या आसपास पाऊस पाडतात आणि मग तंबूत शिरतात. हे शेवटचं माहितीपत्रकात नव्हतं.

पालकसभेत पहिला प्रश्न दारच्या उपांगा भागातल्या एका आईचा. "सिंह आहेत का?" नाहीत म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. हत्ती? नाहीत. गेंडे? तेही नाहीत. तिसऱ्या 'नाही'नंतर हायसं वाटणं संपलं आणि फी भरल्याची पावती पर्समधून बाहेर आली. "मग आहे तरी काय तिथे?" मी म्हटलं, शिंगवाले सरडे आहेत, वीतभर लांबीचे मिलिपीड आहेत, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे बेडूक आहेत. सभागृहात जी शांतता पसरली ती बेडकांच्या आदरापोटी नव्हती.

खरा प्रश्न विचारला तो मसाकीत राहणाऱ्या एका टांझानियन वडिलांनी. मसाकी म्हणजे दारचा समुद्राकाठचा श्रीमंत भाग. सूट घातलेला हा माणूस शांतपणे म्हणाला, "मुलाला जमिनीवर झोपावं लागू नये म्हणून माझ्या बापाने मला शिकवलं. मी शिकलो. खाट घेतली, मग गादी घेतली, मग एसी घेतला. आता माझ्या मुलाला जमिनीवर झोपवायचे तुम्ही पैसे घेणार?" यावर पटेल असं उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही. माहितीपत्रकात 'अनुभव' असा एक शब्द होता, तो मी पुढे केला. त्यांनी पैसे भरले, पण माझ्याकडे पाहताना गावाकडच्या भोंदू वैदूची आठवण झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सेगेरापर्यंत मुलं मोबाइलवर होती, मुहेझाला संत्री खाण्यासाठी उतरली आणि तिथून वर चढणाऱ्या कच्च्या रस्त्यावर त्यातली बरीच संत्री परत आली. मी मात्र खिडकीला नाक लावून बसले होते. मी मूळची गुहागरची. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून लांब येऊन पाहते तर परसात फणस लगडलेले, झाडांवर मिरीचे वेल चढलेले, दालचिनीची साल अंगणात वाळत घातलेली आणि मोठ्या झाडांच्या सावलीत वेलची. मी आनंदाने ओरडून मुलांना फणस दाखवला. उपांगाच्या मुलींनी कानातला हेडफोन अर्धा काढून "ओके टीचर" म्हटलं आणि परत घातला.

कॅम्प चहाच्या मळ्यापलीकडे, जंगलाच्या कडेला. पलीकडच्या उतारावर गाव. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे आधीच फार लोक प्रश्नावल्या घेऊन जातात.

पहिल्या रात्री दारच्या मुलांना दोन शोध लागले. एक, आफ्रिकेत थंडी असते. जूनमध्ये तिथला पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो आणि बत्तीस अंशांत वाढलेली मुलं स्लीपिंग बॅगमध्ये शिरून दात वाजवत पडतात. दुसरा शोध आवाजाचा. रात्री अकराच्या सुमारास झाडाच्या शेंड्यावरून कुणीतरी गंजलेला दरवाजा हळूहळू उघडावा तसा करकराट सुरू झाला. तो चढत चढत गेला आणि शेवटी कुणाचा तरी गळा दाबल्यासारख्या किंकाळ्या झाल्या. क्षणात सगळे हेडलॅम्प पेटले. पालकांनी दिलेल्या हेडलॅम्पचा प्रकाश इतका होता की टांगा बंदरात जहाजं लागली असती. मसाकीचा मुलगा, जो दिवसभर आपण घाबरत नाही हे न विचारता सांगत होता, तो माझ्या तंबूत येऊन 'मॅडम, तुम्ही घाबरला असाल म्हणून आलो' म्हणाला.

तो हायरॅक्स होता. झाडावर राहणारा, सशाएवढा, केसाळ, पाला खाणारा, स्वभावाने गरीब प्राणी. जीवशास्त्राच्या दृष्टीने हत्तीचा जवळचा नातलग. म्हणजे पालकांची हत्तीची मागणी मी एका अर्थाने पूर्ण केली होती, पण हा मुद्दा मी रात्री अकराला मांडला नाही.

आमच्यासोबत वनखात्याचा एक रक्षक होता. कमरेला पांगा, म्हणजे लांब कोयता. रात्री-अपरात्री टॉर्चशिवाय जंगलातून चालत जाणारा गडी. हायरॅक्सच्या किंकाळ्या ऐकून उठलेल्या मुलांना पाहून तो पोट धरून हसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उपांगाच्या एका मुलीला वेलीवर नाकावर शिंगं असलेला शॅमेलिऑन दिसला, आपल्याकडच्या घोयऱ्याचा उसांबारी भाऊ. दोन डोळे दोन दिशांना फिरवत तो तिच्या बोटावर चढला. "अंकल, बघा ना किती क्यूट!" म्हणून ती रक्षकाकडे वळली, तर रक्षक जागेवर नव्हता. तो माझ्या मागे होता. शॅमेलिऑनची धास्ती तिथे लहानथोर सगळ्यांना. तिने एक पाऊल पुढे टाकलं की तो दोन मागे जाई, आणि एवढं होऊनही खात्याची टोपी सरळ करत म्हणे, "राखीव क्षेत्रातले प्राणी हाताळायला परवानगी नाही." नियम खरा होता. फक्त तो इतक्या लांबून कुणी सांगितलेला मी ऐकला नव्हता. मुलांनी मात्र रात्रीच्या हसण्याचा हिशेब तिथेच चुकता केला.

नंतर आम्ही गावात गेलो. टांझानियात परक्या माणसाने गावात शिरायचं ते ग्रामकार्यालयातून. तिथे अध्यक्ष असतात, भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो असतो आणि टेबलावर पाहुण्यांची वही असते. ही वही लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी काटेकोर: तारीख, नाव, कुठून आलात, उद्देश, सही. आमचं पत्र अध्यक्षांनी आधी उजेडात धरून पाहिलं, मग शिक्का खरा आहे की फोटोकॉपी आहे हे अंगठ्याने घासून पाहिलं. मला एकदम गुहागरच्या तहसील कचेरीत आल्यासारखं वाटलं. आमची नावं लिहून होईतो मी मागची पानं चाळली. उद्देशाच्या रकान्यात संशोधन, संशोधन, संशोधन, मलेरिया, संशोधन, फुलपाखरं, निवडणूक, संशोधन. हेलसिंकी, कोपनहेगन, केंब्रिज, मोरोगोरो. आमच्या मुलांनी 'उद्देश: स्थानिक लोकांना भेटणे' असं लिहिलं. अध्यक्षांनी ते वाचलं, पेन मागून घेतलं आणि खोडून 'संशोधन' केलं. रकाना एकसारखा दिसला पाहिजे.

मुलांचा प्रकल्प होता 'जंगल आणि स्थानिकांचे जीवन'. त्यासाठी दारमध्ये बसून त्यांनी प्रश्नावली तयार केली होती. अध्यक्षांनी आम्हाला गावातल्या एका म्झेंकडे पाठवलं. म्झे म्हणजे वडीलधारे गृहस्थ. ते ओसरीवर वेलची निवडत बसले होते. मसाकीचा मुलगा पुढे झाला आणि दारच्या सवयीने "मांबो!" म्हणाला. समवयस्क मित्राला म्हणायचं ते. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं असतं आणि त्यांनी 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचं असतं. म्झेंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि न केलेल्या नमस्काराला शांतपणे उत्तर दिलं, "मराहाबा." मुलगा कानापर्यंत लाल झाला. मग सगळ्या वर्गाने एका सुरात 'शिकामो' म्हटलं, तेव्हा म्झे म्हणाले, "बसा. काय घेणार? रक्त देऊ की उत्तरं?"

मुलं माझ्याकडे बघायला लागली. प्रश्न अगदी साधा होता. अमानीत गेली कित्येक दशकं दोनच प्रकारचे लोक येतात. मलेरियाचे शास्त्रज्ञ येतात, ते बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतात. जंगलाचे शास्त्रज्ञ येतात, ते प्रश्न विचारतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर इथे सगळ्या पूर्व आफ्रिकेची मलेरिया संशोधन संस्था होती. म्झेंची बोटं लहानपणापासून विज्ञानाच्या सेवेत आहेत.

"उत्तरं," मी म्हटलं.

"मग संमतीपत्र?"

संमतीपत्र नव्हतं. म्झे उठून आत गेले आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून आधीच्या कुठल्या अभ्यासाचा नमुना घेऊन आले. "असं असतं. 'मी कधीही माघार घेऊ शकतो' हे वाक्य लागतं. ते नसलं तर तुमचं छापून येणार नाही." एका मुलीने वहीच्या पानावर ते वाक्य उतरवून घेतलं, म्झेंनी सही केली आणि मुलाखत सुरू झाली. कुणी कुणाची घेतली, ते वाचकांनी ठरवावं.

"घरात किती माणसं आहेत?"

"जेवणारी, झोपणारी की कमावणारी? गेल्या वेळचे लोक 'एका भांड्यातलं जेवणारी' असं धरत होते. तुम्ही काय धरता?"

मुलांनी आपापसांत चर्चा करून भांडं धरलं.

"जळण कुठून आणता?"

म्झेंनी वेलचीचं सूप खाली ठेवलं. "हा प्रश्न दुसरा नसतो, बाळ. आधी शेळ्या विचारायच्या. मग कोंबड्या. मग मुलं शाळेत जातात का ते. माणूस सैल झाला, दोनदा हसला, की मग जळण. राखीव जंगलाच्या काठावर बसून एकदम जळण विचारलंस तर समोरचा 'माझ्या शेतातून' असंच म्हणणार." मुलाने खोडून शेळ्या विचारल्या. शेळ्या चार होत्या. कोंबड्या झाल्या, शाळा झाली. मग त्याने पुन्हा जळण विचारलं. म्झे गोड हसले आणि म्हणाले, "माझ्या शेतातून."

"जंगलाचा तुम्हाला काय फायदा होतो?" या प्रश्नाला म्झे ताठ बसले, आवाज बदलला आणि एका दमात पाऊस, स्वच्छ हवा, औषधी वनस्पती, मातीची धूप, पुढच्या पिढ्या आणि पर्यटन हे सगळं क्रमवार म्हणून दाखवलं. मुलं भराभर लिहीत होती. थांबल्यावर म्झे म्हणाले, "शिवाय सिगी नदीचं पाणी टांगा शहराला जातं. आमच्याच डोंगरातून. हे उत्तर लोकांना फार आवडतं. आमचा नळ कुठे आहे, हे अजून कुठल्या प्रश्नावलीत आलेलं नाही. तुमच्यात आहे का?"

आमच्यात नव्हतं.

मग त्यांनी या मुलांना जो इतिहास सांगितला, तो मी पुस्तकात वाचला होता, पण इतक्या थोडक्यात नाही. जर्मनांनी 1902 साली अमानीत मोठी संशोधन संस्था आणि बाग काढली. जगभरातून रोपं आणली, कोयनेल, कापूर, दालचिनी. "आजोबांनी खड्डे खणले." पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज आले, त्यांनी तीच बाग पुढे चालवली. "वडिलांनी तण काढलं." स्वातंत्र्यानंतर, सत्तरच्या दशकात, टांगा शहरातल्या लाकूड गिरणीला फिनलंडने यंत्रं दिली आणि या जंगलातले मोठमोठे वृक्ष खाली आले. त्यावर आरडाओरडा झाला, ऐंशीच्या दशकात तोड थांबली, आणि मग फिनलंडनेच जंगल वाचवायला पैसे दिले. "तोडायला आमच्या गावातली माणसं होती, वाचवायलाही आमच्याच गावातली होती. पगार दोन्ही वेळा वेळेवर झाला. फिनलंडची माणसं चांगली."

आमच्या मुलांच्या प्रकल्पाचा दुसरा भाग मेझोप्सिस नावाचं झाड मोजण्याचा होता. बाहेरून आणून लावलेलं हे झाड इथे असं फोफावलं की मूळच्या झाडांना जागा उरेना. धनेश पक्षी त्याची फळं खातात आणि बिया सगळ्या डोंगरभर पेरत फिरतात. म्झेंना हे नवं नव्हतं. "लावायला एकदा माणसं आली. आता मोजायला तुम्ही आलात. पुढे तोडायला कुणीतरी येईल. तिन्ही कामांना रोजंदारी आहे. धनेशाला मात्र कुणी विचारत नाही, तो फुकट करतो."

गुपित असं आहे की 'जंगलातला साधाभोळा माणूस' पाहायचा असेल तर अमानीच्या गावात जाऊ नये. तो पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये सहज सापडतो. या गावातली माणसं तीन पिढ्या जगाशी व्यवहार करताहेत. गावातल्या एका बाईंकडे जाळीच्या पिंजऱ्यांचा फुलपाखरांचा गोठा होता. 2000 नंतर इथल्या शेतकऱ्यांनी फुलपाखरं पाळायचा धंदा सुरू केला: अळ्यांना त्यांच्या त्यांच्या झाडाचा पाला घालायचा, कोष झाले की गोळा करायचे आणि फुलपाखरू बाहेर यायच्या आत विमानाने युरोप-अमेरिकेतल्या फुलपाखरांच्या प्रदर्शनांना पाठवायचे. 2016 मध्ये सरकारने जिवंत वन्यप्राण्यांची निर्यात बंद केली, त्यात फुलपाखरंही सापडली आणि धंदा बसला. त्या बाईंनी मला विचारलं, "तिकडची माणसं विमानाचं भाडं भरून इथे फुलपाखरं बघायला येतात. आम्ही फुलपाखरांचं भाडं भरून ती तिकडे पाठवत होतो. जाताना तेच लोक ती घेऊन का नाही गेले?" कस्टम्स, निर्यात परवाना, थंडीतली हवाई वाहतूक असं मी काहीबाही सांगितलं. त्यांना ते सगळं माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या गंमत करत होत्या.

ओढ्याकाठच्या खडकावर आफ्रिकन व्हायोलेट दिसली, तिचाही जगाशी व्यवहार जुनाच. 1892 साली उसांबाराचा जर्मन अधिकारी बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर याला ही जांभळी फुलं दिसली, त्याने ती वडिलांकडे पाठवली आणि तिथून ती जगभरातल्या खिडक्यांत जाऊन बसली. कोथरूडच्या एका मावशींकडे सात रंगांच्या आहेत आणि त्या कुणाला हात लावू देत नाहीत. इथे त्याच खडकावरून शेळ्या उड्या मारत जात होत्या. मावशींना फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "पानं पिवळी दिसताहेत. पाणी जास्त होतंय त्यांना."

एका सकाळची गोष्ट. मी चुलीपाशी होते. तंबूबाहेरून "होडी!" अशी हाक ऐकू आली. कुणाच्या दारी गेल्यावर ही हाक द्यायची आणि आतून 'करीबू' येईपर्यंत बाहेर थांबायचं, ही तिथली रीत. तंबूत उपांगाच्या दोघी होत्या. आवाज न करता बसलं की विक्रेता निघून जातो, हे शहाणपण त्यांनी अपार्टमेंटमधून आणलेलं. पण बाहेरची बाई विक्रेती नव्हती आणि तिला घाई नव्हती. कांगा, म्हणजे तिथलं छापील कापड, गुंडाळलेली, हातात मांदाझींचं, म्हणजे तळलेल्या गोडसर पावांचं, टोपलं घेतलेली ती तंबूपासून आठ-दहा पावलांवर, तंबूकडे पाठ करून उभी होती. आतल्या माणसाला आवरायला वेळ मिळावा म्हणून. थोड्या थोड्या वेळाने तितक्याच शांतपणे "होडी" म्हणत होती. शेवटी मीच "करीबू" म्हटलं, मुलींना बाहेर ओढलं आणि त्यांनी सभ्यपणा म्हणून थेपल्यांचा डबा पुढे केला.

बाईने एक तुकडा मोडला, चावला आणि थोडा विचार केला. "मेथी सुकी घातलीय," ती स्वाहिलीत म्हणाली. "आणि मोण कमी पडलंय." मग गुजरातीत, अगदी दारच्या गुजरातीत, "कयी बिल्डिंगमां रहो छो?"

उपांगात तिने कितीतरी वर्षं घरकाम केलं होतं. मुलीने बिल्डिंग सांगितली. तिला ती माहीत होती, लिफ्ट बंद असते हेही माहीत होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचा स्वभावही माहीत होता. "थेपले कोण करतं तुमच्याकडे?" मुलगी म्हणाली, कामवाली करते. "तिचं नाव?" सांगितलं. "गाव कुठलं तिचं?" मुलगी गप्प झाली. ज्या बाईने तिला लहानाचं मोठं केलं तिचं गाव तिने कधी विचारलं नव्हतं. "विचार घरी गेल्यावर," म्हणून बाई उठली आणि आमच्या आचाऱ्याच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. त्या दिवशी चपात्या गोल झाल्या. बाजूला बीन्स आणि मचिचा, म्हणजे आपला माठच. वर्गातल्या मुलांनी आफ्रिकन जेवणाचे फोटो काढून घरी पाठवले.

आता मुंग्यांबद्दल. कॅम्प लावताना रक्षकाने एका जागेकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "इथे नको, इथून सियाफू जातात." पण कॅम्पच्या सामानासोबत आलेल्या तरुण प्रशिक्षकाकडे जीपीएस होतं आणि जमीन तिथेच सपाट होती. सियाफू म्हणजे सफारी मुंग्या. त्या एका जागी कायमचं घर करून राहत नाहीत, फौज घेऊन निघतात. रात्री दोनला पहिली किंकाळी आली ती हायरॅक्सची नव्हती. पाच मिनिटांत सगळा नववीचा वर्ग पायजमे झटकत उड्या मारत होता. या मुंग्यांच्या शिपायांचा जबडा एकदा बसला की सुटत नाही, एकेक उपटून काढावा लागतो. त्यामुळे इंग्रजी, स्वाहिली, गुजराती आणि मराठी अशा चारही भाषांत एकाच वेळी मदत मागितली जात होती. जीपीएसवाला गाडीच्या टपावर होता.

कल्लोळ ऐकून गावातून दोन-तीन बाया आल्या. हातात राख. माणसांभोवती राखेचं कडं घातलं, तंबू तसेच सोडले आणि निवांत बसल्या. थेपलेवाली बाई तर खुशीत होती. "तुमचं नशीब चांगलं. आमच्या घरी आल्या की आम्ही पोरं घेऊन बाहेर बसतो आणि त्यांना काम करू देतो. झुरळ नाही, उंदीर नाही, ढेकूण नाही. सगळं साफ, पैसे न घेता." पहाटे मुंग्या गेल्या. तंबूत किडा-मुंगी उरली नव्हती. शिवाय एका मराठी आईने 'जंगलात लागला तर' म्हणून दिलेला दोन किलो चिवडाही उरला नव्हता. नुसती पिशवी होती, आणि पिशवीत तळाशी चार शेंगदाणे. ते का ठेवले, यावर मुलांचा वाद दारपर्यंत चालला.

निघायच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी गावची बैठक बोलावली. मला तिथे सगळे 'म्वालिमू' म्हणत. शिक्षकाला म्हणतातच, पण ज्या देशात पहिल्या राष्ट्राध्यक्षांना, ज्युलियस न्येरेरेंना, सगळे याच नावाने ओळखतात, तिथे ही हाक ऐकून पाठ आपोआप ताठ होते. पुढचं वाक्य ऐकून ती वाकली. "म्वालिमू, इथे येणारा प्रत्येक जण अहवालाची प्रत पाठवतो म्हणतो. कुणी पाठवत नाही. पाठवलीच तर इंग्रजीत. तुमची स्वाहिलीत पाहिजे." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. स्वाहिली सगळ्यांना येते, पण 'लोकसंख्या' आणि 'जैवविविधता' स्वाहिलीत लिहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. शेवटी मसाकीच्या मुलाच्या गळ्यात ते पडलं. त्याने सुट्टीभर वडिलांना बाजूला बसवून अहवाल लिहिला. जमिनीवर झोपवायला पैसे का घेता, असं विचारणाऱ्या त्या वडिलांनी मला फोन करून सांगितलं की पोरगा सलग तीन रविवार माझ्याशी बोलला, बिल पाठवायचं असेल तर पाठवा.

अहवाल व्हॉट्सॲपवर गेला. आठवडाभराने अध्यक्षांकडून त्याचे फोटो परत आले, लाल पेनने तपासलेले. शुद्धलेखनाच्या चुका खुणा करून दुरुस्त केल्या होत्या. शेळ्यांचा आकडा खोडला होता, मधल्या काळात एक व्याली म्हणून. 'निष्कर्ष' या मथळ्याखाली आमच्या मुलांनी अर्धं पान लिहिलं होतं, तिथे समासात म्झेंच्या हातचं एकच वाक्य होतं: 'नळाचं काय?' आणि खाली अध्यक्षांची सूचना, गोल शिक्क्यासकट: पुढचा वर्ग वेलचीची तोडणी संपल्यावर पाठवावा, आत्ता म्झेंना सवड नाही. प्रश्न आधी पाठवावेत, म्हणजे ते दुरुस्त करून ठेवतील.